वृद्धसेवा केंद्रातला ताण: शिबिरं पुरे, ड्युटी चार्टवर बोलू

कूसबदल (धागाकर्ती, म्हणजे ही चर्चा सुरू करणारी)

आमच्या कामाचा विषय निघाला की समोरून दोनपैकी एक वाक्य ठरलेलं. एक, "केवढं पुण्याचं काम करता हो!" आणि दुसरं, "तुम्हाला किळस नाही का येत?" किळसेची सवय होते, त्यात विशेष काही नाही. पुण्याचं मात्र जड जातं, कारण पुण्य करणाऱ्याने ओव्हरटाइम मागायचा नसतो असा समज त्याच्या मागोमाग येतो.

मी आधी केअरटेकर होते, आता शिफ्ट इन्चार्ज आहे. कर्मचाऱ्यांच्या ताणावर हल्ली बरंच बोललं जातं. शिबिरं होतात, दीर्घ श्वास घ्यायला लावतात. शिबिराला बसलेल्यांची कामं त्या तासाभरात मजल्यावर राहिलेल्यांच्या अंगावर पडतात, ही गंमत वेगळीच. माझं म्हणणं एवढंच आहे की आमचा बराचसा ताण म्हाताऱ्या माणसांमुळे येत नाही. काय करायला हवं ते नीट कळत असतं आणि ते करायला वेळ मिळत नाही, तिथून तो येतो.

सकाळचंच घ्या. एका केअरटेकरकडे बारा जण आणि न्याहारीपर्यंत दोन तास. माणशी दहा मिनिटं. तेवढ्यात उठवायचं, डायपर बदलायचं, अंग पुसायचं किंवा आंघोळ घालायची, कवळी धुऊन बसवायची, कपडे चढवायचे, खुर्चीत बसवायचं. त्यात एखादे कंपवाताचे आजोबा असतात. त्यांना शर्टाची बटणं स्वतः लावता येतात, फक्त पाच-सात मिनिटं लागतात. बोटं काजापर्यंत जातात, बटण निसटतं, पुन्हा पकडतात. एक लागलं की मान वर करून आपल्याकडे बघतात. ही पाच-सात मिनिटं केअरटेकरकडे नसतात, म्हणून ती मिनिटभरात सगळी बटणं लावून पुढच्या पलंगाकडे जाते. रोज असं झालं की काही महिन्यांनी आजोबांना बटणं लावता येईनाशी होतात. फाइलमध्ये "परावलंबित्व वाढले" अशी नोंद होते. ते कशाने वाढलं याला फाइलमध्ये रकाना नाही. केअरटेकरला मात्र पक्कं माहीत असतं.

नीतिशास्त्राचे अभ्यासक अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ साली परिचर्येतल्या नीतिप्रश्नांवर लिहिताना नेमकी ही अवस्था मांडली होती: योग्य काय ते कळतं, पण संस्थेची घडीच अशी असते की ते करणं जवळजवळ अशक्य होतं. नैतिक क्लेश म्हणू या. दीर्घ श्वासाने तो जात नाही.

तुमच्याकडे काय चालतं ते लिहा. पगार कमी आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर नंतर येऊच. आधी ड्युट्या कशा लागतात त्यावर बोला.

आडवाप्रश्न

ताण कुठल्या नोकरीत नसतो? आम्ही आयटीवाले रात्री बारा-बारा वाजेपर्यंत कॉलवर असतो. आम्ही धागे काढत नाही.

कूसबदल

काढता की, रोज दोन तरी दिसतात. :)

गंमत सोडा. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये एक मांडणी केली, ती इथे उपयोगी आहे. कामाचा रेटा जास्त असला म्हणजे माणूस मोडतोच असं नाही. रेटा जास्त आणि ते काम कधी, कसं, कोणत्या क्रमाने करायचं यावर ताबा जवळजवळ नाही, हे दोन्ही एकत्र आलं की मोडतो. तुमची डेडलाइन भांडून का होईना, पुढे ढकलता येते. कोणाची लघवी पुढे ढकलता येत नाही.

रातकिडा

+१. रात्रपाळीवाल्याचं ऐका आता.

रात्री एका मजल्याला एक माणूस. समजा आठ जण असे आहेत ज्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही. बेडसोर (एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) होऊ नये म्हणून साधारण दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची असते. एकाला पाच-सहा मिनिटं धरा, कारण नुसतं ढकलायचं नसतं. उशी पाठीला लावायची, दुसरी गुडघ्यांमध्ये, टाच अधांतरी राहील असं बघायचं, युरिन बॅगची नळी खाली दबली नाही ना ते पाहायचं, चादरीची सुरकुती काढायची. आठ जणांचे पाऊण-एक तास झाले. मधल्या कामांची भर पडली की फेरी संपते न संपते तोच पुढची जवळ आलेली. मधे बेल वाजतात. मधे स्मृतिभ्रंशाच्या आजी उठून "मला घरी जायचंय" म्हणत दाराशी उभ्या राहतात, त्यांना परत आणायला वीस मिनिटं जातात, आणि घाई केली तर चाळीस. दोन बेल एकदम वाजल्या तर कोणाकडे आधी जायचं हे मीच ठरवायचं, आणि दुसरा पडला तर जबाबही मीच द्यायचा.

सकाळी रजिस्टरमध्ये सह्या सगळ्या वेळेवर असतात. कुशी वेळेवर बदललेल्या नसतात. हे सगळ्यांना माहीत आहे, वरपर्यंत.

दिवसा झोप लागत नाही, लागली तर चार-पाच तास. रात्रपाळीच्या कामाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्येच "बहुधा कर्करोगकारक" या गटात टाकलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. घाबरवत नाहीये. रात्री कोणीतरी लागणारच. पण संध्याकाळची ड्युटी संपवून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर, हे तरी बंद करा. युरोपीय संघाच्या नियमात दोन ड्युट्यांमध्ये सलग ११ तास विश्रांती हवी असं आहे. पाळीही सकाळ, मग संध्याकाळ, मग रात्र अशी पुढे सरकवली तर शरीराला झेपते. आमच्याकडे ती उलट फिरते, कारण चार्ट बनवणाऱ्याला तसं सोपं पडतं.

लेक_परगावची

मी दुसऱ्या बाजूची. माझी आई अशाच केंद्रात आहे. तुमचं सगळं वाचलं, पटलंही. पण ती बेल वाजवते तेव्हा तिला "आत्ताच तर जाऊन आलात ना!" असं ऐकवतात. मी फोनवर असताना ऐकलंय. एकदा मागून आवाज आला, "सात नंबरचं झालं का?" माझी आई सात नंबर? ताण समजू शकते, पण त्याची किंमत तिने का मोजायची?

कूसबदल

मोजू नये. तुम्ही तक्रार केलीत तर मी तुमच्या बाजूने उभी राहीन. समर्थन करत नाही, फक्त हे कुठून येतं ते सांगते.

क्रिस्टीना मॅसलॅक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणाने आतून पार संपून जाणं, मोजायची प्रश्नावली आणली. त्यात तीन गोष्टी मोजतात: भावनिक थकवा, समोरच्या माणसाबद्दल येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही चांगलं होत नाही ही भावना. सात नंबर हा त्यातला दुसरा प्रकार. रडून रडून डोळे कोरडे पडलेली माणसं मग आकड्यांत बोलतात.

त्याहून जुनं एक काम आहे. इझाबेल मेन्झिस या मनोविश्लेषक बाईंनी १९६० मध्ये लंडनच्या एका रुग्णालयाबद्दल लिहिलं. तिथल्या नर्सेस रुग्णांची नावं न घेता पलंगाचा नंबर आणि आजार सांगत. कामही असं वाटलेलं की एका नर्सने एका रुग्णाजवळ फार वेळ थांबायचंच नाही. एकीने सगळ्यांची तापमानं घ्यायची, दुसरीने सगळ्यांचे पलंग लावायचे. बाईंचं म्हणणं असं की ही रचना संस्थेने नकळत उभी केली, नर्सेसना दुःखाची झळ लागू नये म्हणून. झळ काही कमी झाली नाही, उलट कामातलं समाधान तेवढं गेलं आणि शिकाऊ मुली सोडून जाऊ लागल्या. आजही अनेक केंद्रांत "तू आज आंघोळी, तू आज जेवण भरवणं, तू डायपर" असंच वाटप असतं. म्हणून आईंशी कोणी असं वागल्याचा राग आला की इन्चार्जला एवढंच विचारा, "आईकडे रोज तीच माणसं असतात की बदलतात?" या प्रश्नाने त्या केअरटेकर मुलीला नोटीस काढण्यापेक्षा जास्त फरक पडतो.

फिजिओवाली

मनावर चाललंय म्हणून पाठीचं राहू नये. पाठीचं दुखणं हा सुद्धा ताणच आहे, आणि तो घरी सोबत येतो.

अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेच्या संशोधकांनी २००७ च्या सुमारास हिशेब मांडला होता की माणसाला हाताने हलवताना, तेही सगळं अनुकूल असेल तर, सुमारे १६ किलोपेक्षा जास्त भार एकाने घेऊ नये. माणूस म्हणजे पोतं नव्हे, तो अचानक घाबरतो, गळ्याला मिठी मारतो, पाय सोडून देतो. आता साठ-सत्तर किलोच्या आजोबांना दोघींनी काखेत हात घालून उचललं तर काय होत असेल ते बघा. काखेत हात घालणं तर आजोबांच्या खांद्यालाही वाईट. "नीट वाकून उचला" हे प्रशिक्षण वर्षानुवर्षं दिलं जातं आणि त्याने एकट्याने पाठदुखी कमी होत नाही. साधनं लागतात: सरकवायची गुळगुळीत चादर, धरायला सोपं जावं म्हणून आजोबांच्या कमरेला बांधायचा पट्टा, पेशंट लिफ्ट म्हणजे माणसाला झोळीत घेऊन उचलणारं यंत्र.

मी जिथे जिथे गेले तिथे लिफ्ट होती. स्टोअरमध्ये, वर चादरींचा गठ्ठा, बॅटरी उतरलेली. का वापरत नाही विचारलं की उत्तर एकच: "मॅडम, ती लावेपर्यंत माझे दोन पेशंट होतात." म्हणजे पुन्हा कूसबदलताईंची दहा मिनिटं!

नवी_भरती

मी सहा-सात महिन्यांपूर्वी लागले. एक विचारू का? मारतात त्याचं काय करायचं? चावे, ओरखडे, केस ओढणं. एक आजोबा आंघोळीच्या वेळी नको तिथे हात लावतात. सुपरवायझरना सांगितलं तर म्हणाले, "अगं, त्यांना कळत नाही, मनावर घेऊ नकोस." कळत नाही हे मलाही कळतं. पण मग मी कुठे ठेवायचं ते?

मावशी_जुन्या

अगं बाळा, पहिली गोष्ट, लिहून ठेव. प्रत्येक वेळी. इन्सिडंट रजिस्टर (अशा घटनांची नोंदवही) द्यायला कां-कूं केलं तर वहीत लिही, तारीख-वेळ घालून. "कामाचा भाग आहे" म्हणणाऱ्यांना सांग की नाही, धोका कामात आहे, तो सोसणं कामात नाही. कामाच्या ठिकाणच्या हिंसा आणि छळाविरुद्ध २०१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९० क्रमांकाचा करार केला, त्यात बाहेरच्या माणसांकडून होणारा त्राससुद्धा धरलाय. तुमच्या देशाने त्याला मान्यता दिली नसेल तरी बोलताना वजन पडतं.

दुसरं, हात लावणाऱ्या आजोबांकडे तू एकटीने जायचंच नाही. ब्रदरला (पुरुष परिचारकाला) ती ड्युटी द्या किंवा दोघी जा. त्यांना एक नॅपकिन हातात धरायला द्या, "आजोबा, तुमचं तोंड तुम्हीच पुसा." हात कामात राहतात. आणि हे आजोबांच्या देखभालीच्या प्लॅनमध्ये लिहिलेलं पाहिजे, तुझ्या माझ्यात कुजबुज नको.

तिसरं, मार बहुतेक बाथरूममध्येच बसतो, बघ. का? गारठा, निसरडं, अनोळखी हात कपडे काढतायत. मी असते तर मीही मारलं असतं. पाठीमागून जाऊ नको. समोर ये, डोळ्यांच्या पातळीला बस, नाव सांग, काय करणार ते एका वेळी एकच सांग. टॉवेल खांद्यावर पांघरलेलाच ठेव आणि त्याखालून एकेक भाग धू. आधी पाय, डोकं शेवटी किंवा दुसऱ्या दिवशी. तरी हात उगारला तर थांब. आंघोळ एक दिवस राहिली तर कोणी मरत नाही. अचानक मारायला लागलेल्या माणसाला बऱ्याचदा कुठेतरी दुखत असतं, पोट साफ नसतं, नाहीतर लघवीला जंतुसंसर्ग झालेला असतो. सिस्टरला तपासायला सांग.

नवी_भरती

मावशी, थांबायची परवानगी आहे हे मला आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद.

रातकिडा

एक राहिलं. माणूस जातो त्याबद्दल कोणीच बोललं नाही.

रात्रीच जास्त जातात असं मला वाटतं, कदाचित मी रात्रीच असतो म्हणून वाटत असेल. दोन-तीन वर्षं ज्यांना रोज भरवलं ते जातात. मग सामानाची यादी करायची: चष्मा एक, कवळी जोड एक, कानातलं मशीन एक, स्वेटर दोन. कवळीच्या डबीवर माझ्याच अक्षरातलं नावाचं लेबल असतं, ते नातेवाईकांसमोर खरवडायचं की तसंच द्यायचं हे दर वेळी कळत नाही. नातेवाईक रडतात, आपण पाणी देतो. आपण रडलो तर "एवढं काय, तुमचे कोण होते?" अशी नजर. दुसऱ्या दिवशी त्या पलंगावर नवीन नाव.

मावशी_जुन्या

याला केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये "हक्क नाकारलेलं दुःख" अशा अर्थाचं नाव दिलंय, प्रशिक्षणात ऐकलेलं. आमच्याकडे एका इन्चार्जने साधी पद्धत पाडली होती. कोणी गेलं की पुढच्या हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलून काम सोपवताना, आधी दोन मिनिटं त्यांच्याबद्दल बोलायचं, आजार सोडून काहीही. कोणी सांगायचं, शिव्या काय झकास द्यायच्या. हसायचो. मग कामाला. ज्या केअरटेकरकडे ते होते तिला त्याच दिवशी तो पलंग द्यायचा नाही. पैसे शून्य लागले. इन्चार्ज बदलली आणि बंद पडलं.

स्टेथो

डॉक्टर म्हणून थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत (२०१९ मध्ये मंजूर, २०२२ पासून लागू) बर्नआउट हा आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट न हाताळल्याने उद्भवणारी, कामाशीच निगडित अवस्था म्हणून आहे. त्यामुळे "तू जरा खंबीर हो" हा उपाय होत नाही. मात्र नैराश्य हा आजार आहे आणि दोन्ही एकत्र असू शकतात. सुट्टीतही मन उतरलेलंच राहिलं, झोप आणि भूक दोन-दोन आठवडे बिघडलेली राहिली, ड्युटी संपली की दारू लागायला लागली, तर डॉक्टरांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच, रजेची वाट न बघता. कोणा सहकाऱ्याला तसं वाटतंय अशी शंका आली तर सरळ विचारा, विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही.

जमाखर्च

मी एक छोटं केंद्र चालवतो. शिव्या खायला आलोय. :)

आमच्या खर्चात सगळ्यात मोठा आकडा पगाराचा. फी वाढवली की नातेवाईक आई-वडिलांना दुसरीकडे हलवतात. माणसं शिकवून तयार करावीत तर थोड्या जास्त पगारावर निघून जातात. मग नव्यांना शिकवा. प्रत्येक शिफ्टला दोन माणसं वाढवा म्हणणं सोपं आहे. कशातून वाढवू?

कूसबदल

जमाखर्चदादा, आलात हे बरं झालं, तुमच्याशीच बोलायचं होतं. वाढवायला हवीत, हे माझं मत कायम आहे. पण वाढवेपर्यंत आहे त्या माणसांत काय होतं ते आमच्या अनुभवातून सांगते.

सकाळची गर्दी आपणच केलेली असते. बारा जणांची आंघोळ सकाळीच का? बरेच जण आयुष्यभर रात्री किंवा दुपारी आंघोळ करत आलेले असतात. विचारलं तर निम्मे आनंदाने दुपारी जातात. सकाळ तेवढी मोकळी झाली की बटणांना वेळ निघतो.

मग, पूर्ण शिफ्टची जास्तीची माणसं परवडत नसतील तर सकाळी आणि झोपवायच्या वेळेला तीन-चार तासांची छोटी ड्युटी लावा. लहान मुलं असलेल्या बायका, पूर्वी सोडून गेलेल्या अनुभवी बायका याला तयार होतात. त्यांना आठ तास नको असतात म्हणूनच त्या गेलेल्या असतात.

तीच माणसं त्याच रहिवाशांना द्या. फिरवत बसू नका. नव्या मुलीला माहीत नसतं की अमुक आजींना उजव्या कानाने ऐकू येत नाही आणि त्या बाजूने हात लावला की त्या दचकून मारतात. जुनीला माहीत असतं, म्हणून तिचं काम निम्म्या वेळात होतं. एक तोटा आहे: कठीण माणूस एकीच्याच वाट्याला कायमचा येतो. तिथे दोघींची जोडी करा.

चार्ट दोन आठवडे आधी लावा आणि लावल्यावर बदलू नका. सुट्टीच्या दिवशी सकाळी फोन करून "येतेस का?" विचारणं थांबवा. ती येते, पण पुढच्या महिन्यात नोकरी सोडते. बदली लागणार असेल तर राखीव ड्युटी अशी वेगळी लावा आणि तिचे पैसे द्या.

आणि नोंदी. एकच गोष्ट तीन रजिस्टरमध्ये लिहायला लावू नका. तुमच्या सिस्टरला शेजारी बसवून प्रत्येक रजिस्टर कोण वाचतं ते विचारा. जे कोणीच वाचत नाही ते बंद करा.

माणूस सोडून गेला की त्याच्या जागी नवा शिकेपर्यंतचा खर्च कधी मांडलाय का तुम्ही? जाहिरात, एजंट, पहिला महिना, त्या काळातले ओव्हरटाइम. मांडून बघा. मला वाटतं छोट्या ड्युट्यांचे पैसे तिथेच सापडतील.

आडवाप्रश्न

मी मागे घेतो माझा प्रतिसाद. डिलीट करता येत नाही इथे.

फिजिओवाली

जमाखर्च, लिफ्टची बॅटरी चार्जिंगला लावायची ड्युटीही कोणाच्या तरी नावाने चार्टवर लिहा. "सगळ्यांचं काम" म्हणजे कोणाचंच नाही.

लेक_परगावची

इन्चार्जना विचारलं. आठवड्यात पाच वेगवेगळ्या मुली येतात म्हणाल्या. लेखी कळवलंय की आईचं काम दोघींत बसवा, आणि फीवाढीची नोटीस आली तर त्यातलं किती कर्मचाऱ्यांकडे जातं ते आम्हाला सांगा, आम्ही भरू. इतर नातेवाइकांनाही सही करायला सांगणार आहे.

जमाखर्च

हिशेब मांडायला घेतलाय, आकडा बघून थोडा गप्प आहे. कूसबदलताई, दुपारच्या आंघोळीचा आणि छोट्या ड्युटीचा तुमचा चार्ट व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? नावं काढून.

कूसबदल

व्यनि केलाय. पहिले काही दिवस जुन्या मावश्याच विरोध करतील, "आंघोळ सकाळचीच" म्हणून. त्यांनाच चार्ट बनवायला बसवा.